प्रस्तावना : साथीच्या वर्षातील शेतमाल

शके १९४२, शार्वरी नाम संवत्सराची वर्षप्रतिपदा २५ मार्च २०२० रोजी उजाडली, तेव्हा देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीचा अंमल सुरू होऊन अवघे काही तास झाले होते. पाडव्याच्या बाजाराचा हिशेब धरून लावलेला झेंडू त्या सकाळी शेतातच राहिला, आणि फूल ही वस्तू जीवनावश्यक जिनसांच्या कोणत्याही यादीत बसत नसल्यामुळे त्याच्याविषयी कोणी चौकशीही केली नाही. पुढील आठवड्यांत द्राक्षे, दूध, कोंबड्या, कापूस, हापूस आणि भाजीपाला यांच्या वाट्याला जे आले त्याचा बोभाटा पुष्कळ झाला; झेंडूचा झाला नाही. तरीही या विषयाचा आरंभ झेंडूपासून करणे मला योग्य वाटते, कारण शेतकऱ्याचे नुकसान पीक बुडाल्यामुळेच होते अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, आणि त्या समजुतीवरच आपले सारे महसुली दफ्तर उभे आहे. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड या अरिष्टांना तेथे खाती आहेत, पंचनाम्याचे छापील नमुने आहेत, जुन्या आणेवारीची आणि हल्लीच्या पैसेवारीची वहिवाट आहे. पीक सोळा आणे आले आणि तरीही शेतकरी बुडाला, या प्रकारासाठी मात्र त्या दफ्तरात रकाना नाही.

या ग्रंथाचा विषय तो नसलेला रकाना आहे. शेतातून निघालेला जिन्नस खाणाऱ्याच्या ताटापर्यंत ज्या वाटेने जातो ती वाट साथीच्या दिवसांत कोठे कोठे तुटली, कोणी सांधली, आणि जेथे सांधता आली नाही तेथे का आली नाही, याचा विचार पुढील लेखांत निरनिराळ्या अंगांनी केलेला आहे. लेखक बहुतेक प्रत्यक्ष व्यवहारातले आहेत. त्यांचे आपापसांत सर्वत्र पटत नाही, आणि ते पटवून घेण्याचा आग्रह संपादकांनी धरला नाही ही मी इष्टापत्ती मानतो. प्रस्तावनाकाराने मात्र आपले मत झाकून ठेवू नये. ते असे की, २०२० साली शेतमालाच्या वाहतुकीला सरकारने बंदी केलीच नव्हती. अन्नधान्य, फळे, भाजीपाला आणि दूध यांना पहिल्या दिवसापासून सूट होती. परंतु ती सूट मालाला होती. तो माल तोडणारी, निवडणारी, भरणारी, उचलणारी, तोलणारी आणि गाडीवर बसून नेणारी माणसे त्या सुटीत धरलेली आहेत की नाहीत, हे नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवायचे होते. त्या वर्षी जे बिघडले त्याचा फार मोठा भाग या एका विसंगतीतून निघाला, आणि जे सावरले ते कोणीतरी ती विसंगती आपल्यापुरती मिटवल्यामुळे सावरले.

विसंगती जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखला तो मांडवी विभागात, म्हणजे बंदरालगतच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे पिसू, हा कार्यकारणभाव त्या वेळी शास्त्रालाही पुरता उमगलेला नव्हता. परंतु साथीचा पत्ता आणि धान्यबाजाराचा पत्ता एकच आहे, हे मात्र दिसत होते. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती घरेदारे सोडून निघून गेली, तीत पाठीवर गोणी वाहणारेही गेले, आणि परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. त्या धास्तीतून १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा असलेला हा कायदा सरकारला प्रवाशांच्या, आगगाड्यांच्या आणि जहाजांच्या तपासणीचे, आणि एकूण जे इष्ट वाटेल ते करण्याचे अधिकार देतो. बाजाराविषयी त्यात अक्षर नाही. आता योगायोग पाहा. त्याच १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि बाजाराची जागा, तोलणारे, दलाल, त्यांचे परवाने व बाजारावर देखरेख करणारी समिती या गोष्टींची कलमबंदी झाली. १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन कायद्यापर्यंत जी परंपरा येऊन पोचते तिचे एक मूळ तेथे आहे. त्यात साथीविषयी अक्षर नाही. मार्च २०२० मध्ये साथरोगांचा कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर एका कायद्याचे पुस्तक होते आणि बाजार समितीच्या सचिवाच्या मेजावर दुसऱ्याचे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाशी या साथीची तुलना पुष्कळांनी केली, ती आरोग्याच्या बाबतीत समर्पक असेल. शेतीच्या बाबतीत ती उलटी पडते. त्या वर्षी तापाने जून महिन्यात मुंबई गाठली, पावसाळ्याच्या अखेरीस त्याची अधिक मारक लाट खेड्यापाड्यांतून फिरली, आणि पावसानेही त्याच वर्षी दगा दिला; हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि जी जगली त्यांना धान्य मिळेना. २०२० चा उन्हाळा मात्र पाण्याचा होता. आदल्या वर्षी पाऊस भरपूर, किंबहुना काही भागांत नको इतका झालेला होता, विहिरींना पाणी होते, रब्बी जोमदार होती. टंचाई पिकाची नव्हती, वाटेची होती. दुष्काळाच्या अनुभवातून आपल्या राज्यकारभाराने जे शहाणपण गोळा केले ते धान्य बाहेरून गावात कसे आणावे याचे आहे. येथे प्रश्न गावातला माल बाहेर कसा न्यावा हा होता, आणि त्याची सवय कोणालाच नव्हती.

टाळेबंदीचा मूळ हुकूम २४ मार्चचा. २७ मार्चला गृहमंत्रालयाने पुरवणी आदेश काढून बाजार समित्या, सरकारी खरेदी, शेतातील मजुरांची कामे, भाड्याने अवजारे देणारी केंद्रे, खते-बियाणी-औषधांचे कारखाने आणि कापणीयंत्रांची परराज्यात ये-जा यांना मुभा दिली. एप्रिलच्या आरंभी आणखी एक पुरवणी निघाली, तिच्यात अवजारांचे सुटे भाग विकणारी दुकाने आणि महामार्गावरील ट्रकदुरुस्तीची गॅरेजे आली. या तारखा लक्षपूर्वक वाचल्या म्हणजे राज्यकर्त्यांना कोणाची आठवण कोणत्या दिवशी झाली हे कळते. टायर फुटला तर गाडी पुढे जात नाही, ही गोष्ट हुकूम लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? पण ठाऊक असणे आणि लेखणी हातात असताना आठवणे यांत दहा दिवसांचे अंतर पडले, आणि दहा दिवसांत द्राक्ष मऊ पडते.

द्राक्षाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या एका पिकात विषयाची सगळी गुंतागुंत दिसते. निफाड-दिंडोरीकडे काय किंवा तासगाव-मिरजेकडे काय, बागायतदार आपला माल स्वतः बाजारात फारसा नेत नाही. व्यापारी बागेत येतो, घड हातात धरून मणी पाहतो, गोडी पाहतो, दर ठरवतो, आणि सौदा झाला की तोडणीची टोळी, क्रेट, खोकी आणि गाडी यांची तजवीज त्याच्याकडे असते. मार्चच्या अखेरीस हे व्यापारी, ज्यांत उत्तरेकडचे पुष्कळ, मिळेल त्या वाहनाने आपल्या मुलखात निघून गेले. ठरलेले सौदे तोंडी होते, ते तोंडीच मोडले. टोळ्या पांगल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यांना परवानगी मिळाली तरी त्यांना कागद देणारी गिरणी आणि त्या गिरणीला रद्दी देणारा भंगारवाला घरी बसलेला होता. इतके होऊनही कांद्याप्रमाणे द्राक्षाला थांब म्हणता येत नाही. केवळ घड नासतात एवढेच असते तर शेतकऱ्याने कपाळाला हात लावून ते वेलीवर वाळू दिले असते. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी घ्यावी लागते, त्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीतच पुढच्या वर्षीचा माल धरतो, आणि वेलीवर ओझे ठेवून छाटणी लांबवली तर या सालाबरोबर पुढचे सालही जाते. म्हणून ज्याला गिऱ्हाईक नाही असा माल शेतकऱ्याला पदरची मजुरी देऊन उतरवावा लागला.

उतरवलेल्या मालाचे काय करावे? बेदाणा, असे उत्तर सगळ्यांनी दिले, आणि ते देणे सोपे होते. बेदाण्याची रीत अशी की, घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर थरांनी पसरतात, दोन आठवड्यांच्या आसपास ते सुकतात, मग गंधकाची धुरी, मग प्रतवारी. परंतु तासगावकडचा बेदाण्याचा शेतकरी बाग बेदाण्यासाठीच वाढवतो, मणी लहान आणि साखर भरपूर अशा बेताने. खाण्याच्या किंवा परदेशी पाठवण्याच्या बागेत मणी फुगवलेला असतो, पाणी जास्त आणि साखर कमी. चार किलो द्राक्षांत एक किलो बेदाणा हे नेहमीचे गणित त्या मण्याला लागू पडत नाही. शिवाय सगळ्यांनी एकदम बेदाणा करावयाचा ठरवल्यावर शेडमध्ये जागा उरली नाही, डिपिंग ऑइलची दुकाने उघडी सापडेनात, आणि एप्रिलमधील अवकाळीचे ढग आले की जाळ्यांवर ताडपत्री ओढताना बायकामाणसांची रात्र जाई. असे असूनही बेदाणा झाला, पुष्कळ झाला, आणि शीतगृहात जाऊन पडला. एका जागचा तुंबारा दुसऱ्या जागी नेऊन ठेवणे हा उपाय खरा, पण त्याला भाडे पडते, आणि ते शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होते.

तुंबाऱ्याची सर्वांत मोठी जागा मात्र शेत नव्हती. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या वाशीच्या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार नांदतात, आणि दीड-दोन कोटी माणसांच्या महानगराचे पोट त्यांच्यावर चालते. भाजीपाल्याच्या बाजाराचा दिवस रात्री सुरू होतो. नाशिक, पुणे, सातारा, सांगलीकडचे टेम्पो आणि ट्रक मध्यरात्रीच्या सुमारास आत येतात, माथाडी गोण्या आणि क्रेट पाठीवर घेऊन गाळ्यांत उतरवतात, पहाटे किरकोळ विक्रेते येतात, आणि ऊन तापण्याच्या आत माल शहराच्या उपनगरांत पोचतो. ही सगळी उलाढाल खांद्याला खांदा लागल्यावाचून होत नाही. माणसामाणसांत सहा फूट ठेवावयाचे तर त्या आवाराची लांबीरुंदी कित्येक पटींनी वाढवावी लागेल, किंवा रात्र तरी. गाड्यांची संख्या बांधून देणे, किरकोळ गिऱ्हाइकांना बंदी, काही गाड्या आवारात न येता परस्पर शहरात धाडणे असे उपाय झाले. तरीही बाजारात रुग्ण सापडत गेले, आणि ११ ते १७ मे या आठवड्यात पाचही बाजार बंद ठेवून निर्जंतुकीकरण व तपासणी करावी लागली. पुण्याचा मार्केट यार्ड त्याच्या आधीच, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बंद झालेला होता.

माथाडी कामगार १९६९ च्या कायद्याने नोंदलेला आहे; त्याची टोळी, त्याचा मंडळाकडील क्रमांक, त्याची हमाली ठरलेली आहे, आणि असंघटित श्रमाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला दाखवलेली ही एक अभिमानाची वाट आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो. पण तोही साताऱ्याकडचा किंवा सांगलीकडचा माणूस, घरी म्हातारे आईबाप, आणि गावच्या वेशीवर काठ्या आडव्या टाकून मुंबईकरांना मज्जाव केलेला. घरी जावे तर गाव घेत नाही, राहावे तर आजाराची धास्ती. त्याला कामावर या असे सांगणाऱ्यांनी त्याच्या विम्याची, तपासणीची आणि येण्याजाण्याच्या गाडीची गोष्ट पुष्कळ उशिरा काढली. गोणी उचलणाराच आला नाही तर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांत बाजाराच्या दृष्टीने भेद उरत नाही.

गाडीचाही हिशेब वाचकाने समजून घ्यावा, कारण भाडे दुप्पट झाल्याचा दोष त्या दिवसांत सरसकट ट्रकवाल्यांच्या लोभावर टाकला गेला. लासलगावहून कांदा घेऊन उत्तरेकडे जाणारी गाडी येताना रिकामी येत नाही. ती कारखान्याचा माल, यंत्रे, कापड, काहीतरी परतीचे भाडे धरून येते, आणि दोन्ही फेऱ्यांचे गणित मिळून कांद्याचे भाडे ठरते. कारखाने बंद झाल्याबरोबर परतीचे भाडे गेले, आणि दोन्ही बाजूंचे डिझेल एकट्या कांद्याच्या डोक्यावर बसले. वाटेवरचे ढाबे बंद, क्लीनर गावी गेलेला, प्रत्येक सीमेवर काच खाली करून परवाना दाखवणे आलेच. एप्रिलच्या मध्यास केंद्र सरकारने ‘किसान रथ’ नावाचे अ‍ॅप काढले, गाडी आणि माल यांची गाठ घालून देण्यासाठी. हेतू उत्तम होता. पण गाडी कोठे आहे हे अ‍ॅप सांगू शकते. परतीला ती काय भरून आणील हे त्याला सांगता येत नाही, आणि अडचण नेमकी तेथे होती.

लासलगावचा उल्लेख आला आहे तर एवढे सांगून टाकतो की, नाशिक जिल्ह्यातील पहिला रुग्ण मार्चच्या अखेरीस सापडला तो याच बाजारपेठेच्या जवळच्या गावात, आणि लिलाव काही दिवस थांबले. कांदा मात्र त्या धक्क्यातून इतरांहून बरा निभावला. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. शेतकऱ्याच्या हाती वेळ होता, आणि बाजारात ज्याच्या हाती वेळ असतो त्याचा हात वर असतो. सप्टेंबरात भाव चढू लागले तेव्हा १४ तारखेला केंद्र सरकारने निर्यातबंदी घातली आणि चाळीत राखलेल्या त्या वेळेची किंमत एका सहीने खाली आणली. साथीने न केलेले नुकसान हुकमाने केले. या ग्रंथातील एका लेखकाने त्या निर्णयाचे समर्थन केले आहे. मला ते पटलेले नाही.

दूध आणि कोंबडी यांच्याविषयी थोडक्यात. कोंबडीवर घाला पडला तो टाळेबंदीच्याही आधी, फेब्रुवारीपासून, आणि केवळ अफवेने. कोंबडी खाल्ल्याने रोग होतो असे मोबाइलवरून फिरले, आणि सहा आठवड्यांत तयार होणारा पक्षी काही ठिकाणी किलोला पाच-दहा रुपयांनीही कोणी घेईना. पुष्कळांनी पिल्ले खड्ड्यात पुरली. पिल्ले गेली म्हणून खाद्य गेले, खाद्य गेले म्हणून मक्याचा भाव हमीदराच्या पुष्कळ खाली गेला, आणि ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती त्याला कोंबडीच्या अफवेचा फटका बसला. दुधाचे दुखणे वेगळे होते: घरोघरचा रतीब चालू राहिला, पण चहाच्या टपऱ्या, हॉटेले, मिठाईवाले आणि लग्ने यांचे दूध उभे राहिले, आणि म्हैस काही टाळेबंदी मानीत नाही. राज्य सरकारने मार्चअखेरीस दररोज दहा लाख लिटर जादा दूध पंचवीस रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय केला. निर्णय वेळेवर झाला, त्याने पडझड थोडी सावरली. परंतु भुकटीची गोदामे भरली, आणि जुलै-ऑगस्टात दूधदराचे आंदोलन रस्त्यावर आले ते आलेच.

याच काळात शहरांतील गृहसंकुलांच्या फाटकांवर शेतकरी गटांचे टेम्पो उभे राहिले. भाजीच्या ठरावीक वजनाच्या पिशव्या, फळांच्या पेट्या, आधी नोंदवलेली मागणी, दलाल नाही, अडत नाही. वृत्तपत्रांना हा देखावा फार आवडला, आणि आवडण्याजोगा तो होताच. कृषी विभाग आणि कृषी पणन मंडळाने त्यासाठी खटपट केली, कित्येक शेतकरी कंपन्यांनी त्या दोन महिन्यांत गिऱ्हाइकाशी बोलायची विद्या कमावली, आणि कोकणातील पुष्कळ बागायतदारांनी हापूसची पेटी प्रथमच स्वतःच्या नावाने विकली. तरीही या प्रयोगाने बाजार समित्यांची गरज संपली, असा जो निष्कर्ष काढला गेला तो मला घाईचा वाटतो. फळे आणि भाजीपाला यांवरील बाजार समितीचे बंधन महाराष्ट्राने २०१६ सालीच उठवले होते. थेट विक्रीला कायद्याची आडकाठी मार्च २०२० मध्ये नव्हती आणि फेब्रुवारीतही नव्हती. मग फेब्रुवारीत हे टेम्पो का दिसत नव्हते? कारण मेथीच्या शंभर जुड्या विकायला संकुलाच्या फाटकाशी सकाळ घालवणे तेव्हाच परवडते, जेव्हा दुसरी वाट बंद असते. गल्लीतला भाजीवाला परत आला, गृहिणीला दोनच वांगी निवडून घेण्याची मुभा परत मिळाली, आणि पुष्कळ टेम्पो फाटकावरून हळूहळू दिसेनासे झाले. जे टिकले ते गट आधीपासून बांधलेले होते. त्यांच्याकडे प्रतवारी करणारे हात, थंड खोली आणि हिशेब ठेवणारा माणूस होता.

या पार्श्वभूमीवर ५ जून २०२० रोजी केंद्राने शेतमालाच्या व्यवहाराविषयी तीन अध्यादेश काढले. त्यांचे कायदे झाले, दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. त्या वादाचा निवाडा करणे हे या प्रस्तावनेचे काम नव्हे. बाजार समित्यांत सुधारणेला जागा नाही असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. अडत, काट आणि उधारीची पट्टी यांचा जाच ज्याने सोसला आहे त्याला ते सांगावे लागत नाही. एवढेच नोंदवतो की, त्या उन्हाळ्यात माल अडला तो समितीच्या मक्तेदारीमुळे नव्हे. समितीचे दार उघडे असो वा बंद, ते दार ओलांडून गोणी नेणारा माणूस नव्हता म्हणून अडला. औषध कदाचित चांगले असेल; ते या दुखण्यावरचे नव्हते.

दुखण्यावरचे औषध ज्यांनी शोधले त्यांची नावे मोठी नाहीत. प्रवासी नसल्यामुळे आगारात उभ्या असलेल्या एसटीने मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली आणि आरंभीच्या फेऱ्यांत रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या मुंबईला आणल्या. चालक होते, गाड्या होत्या, आगारे तालुक्यातालुक्याला होती, फक्त बाके काढायची होती. रेल्वेने ७ ऑगस्टला देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली किसान रेल सोडली, आणि डिसेंबरच्या अखेरीस शंभरावी गाडी सांगोल्याहून बंगालातील शालिमारला गेली. डाळिंबवाल्या सांगोल्याला बंगालचे गिऱ्हाईक असे थेट सापडले. या दोन्ही उदाहरणांत नवे असे काही बांधलेले नाही. असलेली साधने ज्या खात्याच्या ताब्यात होती त्या खात्याने आपली वहिवाट सोडून ती दुसऱ्या कामी लावली. शासकीय नियोजनावरील ग्रंथांत ही युक्ती क्वचित आढळते, कारण तिच्यात खर्चाचा आकडा लहान असतो.

माणसांची आठवण सर्वांत उशिरा झाली ती ऊसतोड मजुरांच्या बाबतीत. बीड, अहमदनगरकडील लाखाहून अधिक मजूर पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आवारात पाचटाच्या कोप्यांत अडकून पडले. उचल फिटलेली नाही म्हणून मुकादम सोडीना, जिल्हाबंदी म्हणून सरकार सोडीना, आणि गळीत संपत आल्यावर कारखान्याला त्यांचे काम नव्हते. १७ एप्रिलला सरकारने वैद्यकीय तपासणी करून त्यांना गावी धाडण्याचा निर्णय घेतला. या मजुरांविषयीचा लेख या ग्रंथात आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटला; शेतमालाच्या वाटेवर जो सर्वांत आधी उभा असतो त्याचे नाव वाटखर्चाच्या हिशेबात सर्वांत शेवटी येते, हे त्यात आकडे देऊन दाखवले आहे.

येथवर वाट शेतातून बाहेर जाणारी. शेताकडे येणारी वाटही होती. मे महिन्यात खतांची वाघीण धक्क्याला लागली तरी पोती उतरवायला हमाल नव्हते. कृषी केंद्रांवर गर्दी होऊ नये म्हणून बांधावर खते-बियाणे पोचवण्याची योजना सरकारने काढली. जूनमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन पेरले, आणि कित्येक शिवारांत ते उगवलेच नाही. त्याचे कारण टाळेबंदीत शोधण्याचा मोह होतो, पण ते मागच्या ऑक्टोबरात होते: काढणीच्या वेळी पावसात भिजलेले बियाणे. ज्यांनी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण मोजली, आणि सत्तरच्या खाली आली तर पेरा वाढवला किंवा बियाणे बदलले, ते वाचले. ही चाचणी घरात बसून होते, तिला परवाना लागत नाही. पण ती दाखवायला गावोगाव फिरणारा कृषी सहायक त्या दिवसांत बहुधा रुग्णांच्या याद्या करीत होता.

२०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत देशाचे एकूण उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरले आणि शेतीचे मात्र तीन टक्क्यांहून अधिक वाढले, हा आकडा त्यानंतर प्रत्येक भाषणात आला. तो खोटा नाही. शेतीने देशाला तारले असे त्यावरून म्हणता येईल. शेतकरी तरला असे म्हणता येणार नाही, कारण तो आकडा पिकाचा आहे, पट्टीवर काय उरले याचा नाही. या पुस्तकातील पुष्कळ लेख पट्ट्यांवरून लिहिलेले आहेत, आणि म्हणून ते वाचताना वाचकाला उत्साह कमी आणि खात्री अधिक वाटेल.

शेवटी बाजार समित्यांच्या सचिवांना एक विनंती. त्या दोन वर्षांतील आवक-जावक नोंदवह्या, गाड्यांना दिलेले टोकन, प्रवेशपत्रांच्या स्थळप्रती, माथाड्यांच्या हजेरीचे कागद आणि बंद ठेवलेल्या दिवसांचे ठराव अजून बहुतेक ठिकाणी कपाटांत पडून असतील. दफ्तर निर्लेखनाच्या नियमाप्रमाणे त्यांतले कित्येक कागद लवकरच रद्दीत निघतील. ते काढू नयेत. एक गठ्ठा बांधून, वर २०२०-२१ असे लिहून, जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवावेत.